क, ख, ग आणि इतर सभासद

दत्ताराम विठोबा राणे या नावात दोन मोकळ्या जागा आहेत. प्रत्येकी अडीच मिलिमीटर. क्षमा कारखानीस हिने सोसायटीच्या सभेच्या नोटिशीच्या तळाशी पोलादी पट्टीने मोजल्या होत्या. माणसाच्या डोळ्यांना या जागा दिसत नाहीत. आपण तिन्ही शब्द एका दमात वाचतो आणि समोर एकच माणूस उभा राहतो. ढेरी, गळ्यात दोरीने लोंबणारा चष्मा आणि सौजन्य सहकारी गृहनिर्माण संस्थेचं अध्यक्षपद यांसकट. काही यंत्रांना मात्र एवढी जागा दिसली की वाटतं, एक माणूस संपला, आता दुसरा. हे क्षमाला तेवीस वर्षांपासून ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर पुढच्या सगळ्या प्रकाराला अज्ञान म्हणता आलं असतं. अज्ञानाची लाज एवढी वाटत नाही.

सौजन्य सोसायटी बोरिवली पश्चिमेला, गोराईच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. अठ्ठेचाळीस घरं, एक लिफ्ट चालू, दुसरी ‘लवकरच’. क्षमा तिथली सहसचिव. हे पद तिने मागितलं नव्हतं. ज्या सभेत ते दिलं गेलं, त्या सभेत ती नेमकी पाणी प्यायला बाहेर गेली होती. एरवी ती अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत नोकरी करते. भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. हवेतली धूळ मोजणाऱ्या उपकरणांचे आकडे संगणकातून शिस्तीत बाहेर काढायचे, हे तिचं काम. बोलते कमी. तिथली तरुण मंडळी पाठीमागे तिला ‘चाचणीबाई’ म्हणतात, कारण कुणी काहीही करून आणलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "चाचणी घेतलीस?"

सोसायटीच्या ऑफिसात शकुताई धुरी बसतात. वय सत्तावन्न, मूळच्या कणकवलीकडच्या, नोकरीला एकोणीस वर्षं. पन्नाशीला आल्यावर त्यांनी एमएस-सीआयटीची परीक्षा दिली आणि ते प्रमाणपत्र फ्रेम करून ऑफिसात गणपतीच्या शेजारी लावलं. वार्षिक सभेच्या नोटिसा त्याच टाइप करत. नावाच्या जागी जायचं, जुनं नाव खोडायचं, नवं टाइप करायचं, मोठ्याने वाचायचं, छापायचं. असं अठ्ठेचाळीस वेळा. दोन दिवस लागत. पण एकोणीस वर्षांत एकही नाव चुकलं नव्हतं.

यंदा क्षमाने ते पाहिलं आणि तिला राहवलं नाही. समितीच्या बैठकीत ती म्हणाली, "शकुताईंना उगाच त्रास. नावांची यादी एकदा दिली की संगणक स्वतःच सगळ्या नोटिसा करील. दहा मिनिटांचं काम आहे."

राणे खुर्चीत पुढे झुकले. "दहा मिनिटं?"

"जास्तीत जास्त."

"मग शकू उरलेलं वर्ष काय करते?" राणे म्हणाले आणि हसले. गेली दोन वर्षं त्यांच्या मनात होतं की ऑफिस एखाद्या एजन्सीकडे द्यावं. हल्ली आजूबाजूच्या सोसायट्या देतात, मग मोबाइलवर सगळं येतं. फक्त शकुताईंना काढायला कारण मिळत नव्हतं. राणे हसले म्हणून सगळे हसले, आणि सगळे हसले म्हणून शिष्टाचार म्हणून क्षमाही थोडीशी हसली. ते हसू तिला पुढे परत घेता आलं नाही.

आता हे काम कशाने करायचं, तर क्षमा म्हणाली, मेकफाइलने. ज्यांचा या गोष्टीशी संबंध आला नाही त्यांनी बिचकू नये. मेकफाइल म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामांची चिठ्ठी: वरणभात हवा असेल तर आधी कुकर लाव, कुकर लावायचा तर आधी डाळ धू. चिठ्ठी वाचून कामं उरकणाऱ्या गड्याचं नाव मेक. हा गडी कष्टाळू आहे, पण अतिशय शब्दशः. त्याला डॉलरचं चिन्ह दिसलं की वाटतं, हा एक डबा आहे, उघडून आतली वस्तू काढायची. आणि तो डब्याचं नाव एकाच अक्षराचं धरतो. नाव त्याहून लांब असलं तर कंसात घालून द्यावं लागतं.

रविवारी दुपारी, जेवणाची भांडी आवरून, क्षमाने पहिली चाचणी घेतली. क्षमा चाचणीशिवाय काही करत नाही. यादीतलं एकेक नाव उचलायचं आणि नोटिशीच्या डोक्यावर लिहायचं, अशी फेरी तिने लावली. त्या एका नावासाठी जो डबा केला, त्याला रोमन लिपीत naav म्हटलं आणि त्याच्या आधी एक डॉलर दिला. मेकने डॉलर आणि n एवढंच उचललं, n नावाचा डबा उघडून पाहिला, तो रिकामा होता, मग उरलेली अक्षरं तशीच कागदावर उतरवली. पडद्यावर नोटिसा आल्या: ‘सन्माननीय सभासद aav यांस’.

"आव?" तिचा नवरा नंदकिशोर मागून वाकून म्हणाला. "बरोबर आहे की. आपल्या समितीत सगळे कसला ना कसला आव आणूनच बसलेले असतात."

क्षमा हसली नाही. अशा वेळी दोन डॉलर द्यायचे असतात. पहिला मेक गिळतो, दुसरा, मेक ज्याच्याकडून काम करून घेतो, त्या पुढच्या गड्याकडे पोचतो. हे ती संस्थेत दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर शिकवते. पण तिने नोटिशीचा नमुना अशा पद्धतीने लिहिला होता की काही ओळी दोनदा उलगडल्या जात, तिथे चार डॉलर लागत. म्हणून तिने खबरदारी म्हणून सगळीकडेच चार केले. दुसऱ्या चाचणीत प्रत्येक सभासद ‘20417naav’ झाला. दोन डॉलर शेजारी शेजारी पुढे गेले की तो दुसरा गडी स्वतःचा बिल्ला क्रमांक सांगतो, तो हा.

"सगळ्यांना एकच नंबर?" नंदकिशोरने विचारलं. "तुरुंगातसुद्धा वेगवेगळे देतात गं."

"नंदू, तू चहा कर."

दार उघडं होतं. समोरच्या जानकीवहिनी कोथिंबीर निवडत ऐकत होत्या. क्षमा स्वतःशीच पुटपुटत होती, "इथे दोन डॉलर, इथे चार, हा डॉलर वाचवायलाच हवा." संध्याकाळपर्यंत ए विंगमध्ये कळलं होतं की कारखानीस मंडळी लेकीकडे अमेरिकेला कायमची निघाली. लेक गार्गी तेव्हा मुलुंडला होती आणि आहे. तरी दोघीजणी येऊन विचारून गेल्या, की तुमचं कपाट विकणार असाल तर सांगा हं.

या गिऱ्हाइकांना वाटेला लावून क्षमाने उरलेली धोकादायक चिन्हं तपासली. # हे चिन्ह दिसलं की पुढचं सगळं टीप म्हणून सोडून दिलं जातं. तिने ‘घर #१२’ असं घालून पाहिलं, आणि त्या घराचा बारा हा क्रमांक सफाईने नाहीसा झाला. त्याच्याआधी तिरपी रेघ देऊन तो परत आणला. टक्क्याचं चिन्ह, अवतरण चिन्हं, स्वल्पविराम, सगळी एकेक करून बांधून टाकली. वहीत तक्ता केला. चिन्ह, अपेक्षित, प्रत्यक्ष, शेरा. अकरा चाचण्या, शेवटी अकरा बरोबर खुणा. तिला फार समाधान वाटलं. खरं तर अभिमानच वाटला, आणि तो तिने वहीत नोंदवला नाही एवढंच.

आता त्या वहीतल्या एका बारीक गोष्टीकडे पाहायला हवं. या अकरा चाचण्यांत सभासदांची यादी कोणती होती? शाळेपासून गणितात आणि विज्ञानात अनामिक माणसांना जी नावं असतात तीच. क, ख, ग. क ला वडील नव्हते. ख ला आडनाव नव्हतं. ग चं लग्न झालं नव्हतं. तिघेही एकेका अक्षराचे, नावात कुठेही मोकळी जागा नसलेले, आदर्श सभासद.

सोमवारी सकाळी तिने क, ख, ग काढून शकुताईंनी टाइप केलेली खरी यादी घातली, फेरी चालवली, तयार फाइल न उघडता ऑफिसला पाठवून दिली आणि अंधेरी गाठली. तयार फाइल न उघडता. हे दोनदा लिहिलं आहे, कारण क्षमाने ते पुढे मनात काही शे वेळा म्हटलं.

साडेअकराला ती बैठकीत असताना शकुताईंचा फोन आला.

"मॅडम, कागद लय येतायत गो. प्रिंटर थांबूक तयार नाय."

"मी मीटिंगमध्ये आहे शकुताई. पाठपोट नसेल छापत."

"तसा नाय. नावां वायच येगळी..."

"सगळं तपासलंय मी. छापा तुम्ही," क्षमा कुजबुजली आणि तिने फोन ठेवला.

शकुताईंनी छापलं. मॅडम शास्त्रज्ञ. मॅडमनी तपासलेलं. शिवाय हल्ली नियम बदलत असतात; कागदोपत्री आईचं नाव लावायला लागले, तसं वडिलांना वेगळी नोटीस द्यायची निघाली असेल, असं त्यांनी धरलं. एकूण नोटिसा एकशे सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस सभासद, प्रत्येकाचे तीन शब्द, झाले एकशे चव्वेचाळीस. आणि तीन घरं अजून दिवंगत सभासदांच्याच नावावर होती, त्यांच्या नावामागे यादीत ‘कै.’ होतं. तेव्हा ‘सन्माननीय सभासद कै. यांस’ अशा तीन. ‘आपण सभेस वेळेवर व जातीने उपस्थित राहावे’ हे खाली होतंच.

दुसरं कुणी असतं तर त्या नोटिसा कुणाच्या म्हणून गठ्ठा बांधून ठेवला असता. पण शकुताईंना सोसायटीतल्या प्रत्येकाच्या वडिलांचं नाव पाठ. दुपारपर्यंत त्यांनी एकूण एक नोटीस बरोबर त्या त्या दारात पोचवली.

पहिला धक्का क्षमाला स्वतःच्या घरी बसला. घर तिच्या नावावर. जेवणाच्या टेबलावर तीन पाकिटं मांडून नंदकिशोर प्रसन्न बसला होता. "क्षमा, नंदकिशोर आणि कारखानीस. बावीस वर्षं इथे राहतोय, पहिल्यांदा मला माझ्या नावाची नोटीस आली! हा कारखानीस कोण पण? त्याला कुठे झोपवायचं?"

क्षमाने पाकिटं उलगडली. एका नजरेत सगळं कळलं. मोकळी जागा. तेवीस वर्षं जी मुलांना शिकवली ती.

तेवढ्यात बेल वाजली. चौथ्या मजल्यावरची अस्मिता दारात. ती एका महाविद्यालयात शिकवते. घटस्फोट होऊन सात वर्षं झाली, कागदोपत्री मधलं नाव बदलायचं राहून गेलेलं. तिने एक नोटीस पुढे धरली. ‘सन्माननीय सभासद यज्ञेश यांस.’

"सात वर्षांत त्याचं नाव माझ्या दारात आलं नव्हतं," ती म्हणाली. "आणि आता काय, तर जातीने उपस्थित राहावे!"

"अगं, ते..." क्षमाने तोंड उघडलं.

"तुला नाही बोलत गं. त्या शकूला बोलायला हवं. डोळे फुटले होते का टाइप करताना?"

इथे, अगदी इथे, क्षमाने सांगायला हवं होतं. वाक्य छोटं होतं, तीन शब्दांचं. पण आधी अस्मिताला पाणी द्यावं असं तिला वाटलं, आणि ती पाणी आणायला आत गेली. बाहेर आली तोवर अस्मिता नंदकिशोरशी दुसऱ्या लिफ्टबद्दल बोलत होती. विषय बदलला होता. आता मध्येच काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी धोंडिराम पेडणेकर यांचा अर्ज आला. पेडणेकर तळमजल्यावर राहतात; सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक म्हणून तीस वर्षं काढलेले, त्यामुळे शकुताईंना अर्जावर आवक क्रमांक त्यांनी स्वतःच घालून दिला. त्यांचं म्हणणं असं: संस्थेने एकशे सत्तेचाळीस सभासदांना नोटीस काढली, त्याअर्थी संस्था एकशे सत्तेचाळीस सभासद मानते. तर सभेची गणपूर्ती कशावर धरणार? आणि ज्या सभासदांचं नाव केवळ ‘कै.’ आहे, त्यांची हजेरी कोण घेणार? खुलासा व्हावा.

राणेंनी तातडीची बैठक बोलावली. "सोसायटीची वाट लावली या बाईने," ते टेबलावर हात आपटून म्हणाले. बाई म्हणजे शकुताई. त्या दाराशी उभ्या होत्या, हातात एकशे सत्तेचाळीसची पोचवही. "एवढी साधी नावं टाइप करता येत नाहीत? क्षमाताई एवढ्या हुशार, त्यांनी सिस्टम करून दिली, तरी!"

क्षमाने शकुताईंकडे पाहिलं. शकुताईंनी क्षमाकडे पाहिलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. हे सर्वांत वाईट. त्या बोलल्या असत्या तर क्षमाला निदान ‘हो’ म्हणता आलं असतं.

"चूक... तांत्रिक आहे," क्षमा म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"करेक्ट! तसं दिलगिरीपत्रक काढा. लिहा तुम्हीच."

क्षमाने लिहिलं, ‘तांत्रिक कारणामुळे’. राणेंनी लाल पेनाने ते खोडून वर लिहिलं, ‘टंकलेखनातील निष्काळजीपणामुळे’. मग कागद तिच्यासमोर सरकवला. सहसचिवाची सही लागत होती. तिने सही केली. सही नेहमीसारखी सुबक आली, याचंही तिला वाईट वाटलं.

आणि सभेच्या विषयपत्रिकेत राणेंनी सातवा विषय घातला: ‘कार्यालयीन कामकाजासाठी एजन्सी नेमण्याबाबत विचार’. म्हणजे शकुताईंना घरी बसवणं. आता कारण मिळालं होतं. छापील, सहीसकट.

नव्या नोटिसा काढायला मात्र आठ दिवस लागले, आणि त्यात क्षमाच्या मेकचा काही दोष नव्हता. नावांतल्या मोकळ्या जागांच्या ठिकाणी खालची रेघ घालून तीन शब्दांचा एक सलग शब्द करायचा, फेरी झाली की रेघ काढून जागा परत द्यायची, हे तिने अर्ध्या तासात केलं आणि या वेळी खऱ्या नावांवर तपासलं. अडलं माणसांपाशी. राणे म्हणाले, पेडणेकरांनी अर्ज मागे घेतल्याशिवाय नवी नोटीस निघणार नाही. पेडणेकर म्हणाले, खुलासा मिळाल्याशिवाय अर्ज मागे घेणार नाही. खुलासा समितीने द्यायचा, समिती म्हणाली ठराव लागेल, ठराव सभेत होतो, आणि सभेला नोटीस लागते. मेकला असा प्रकार दिला तर तो एक ओळ लिहून थांबतो: हा डबा स्वतःच्याच आत स्वतःला शोधतो आहे, शेवटी. त्यातला तो ‘शेवटी’ क्षमाला नेहमी आवडायचा. यंत्र बिचारं शेवटपर्यंत जाऊन पाहतं आणि मगच थांबतं. समित्यांना थांबणं ठाऊक नसतं.

या आठ दिवसांत क्षमाने सांगायचं बारा वेळा ठरवलं. मेकमध्ये डब्यात किंमत ठेवायच्या दोन पद्धती असतात. नुसतं बरोबरचं चिन्ह दिलं तर गडी लगेच काही ठरवत नाही. लागेल तेव्हा बघू म्हणतो, आणि तोवर आजूबाजूचं सगळं बदललं तर किंमतही बदलते. चिन्हाआधी दोन टिंबं दिली तर तिथल्या तिथे ठरवून मोकळा होतो. संस्थेत ती मुलांना बजावायची, जे महत्त्वाचं ते टिंबं देऊन टाका रे, नंतरवर सोडू नका. स्वतः मात्र रोज सकाळी ‘आज सांगते’ म्हणायची, आणि संध्याकाळपर्यंत त्या ‘आज’ची किंमत ‘उद्या’ झालेली असायची. एकदा तर राणेंच्या दारापर्यंत गेली, बेल वाजवली, आणि त्यांच्या बायकोने दार उघडल्यावर म्हणाली, "विरजण आहे का थोडं?" विरजण घेऊन परत आली. घरी दही होतं.

"तू नाही सांगितलंस तर मी सांगेन," नंदकिशोर म्हणाला.

"तू नको. तू सांगितलंस तर विनोद होईल त्याचा."

मग राणेंनी हुकूम सोडला, जुन्या नोटिसा परत गोळा करा, मोजून फाडा. हे काम क्षमाने मुद्दाम स्वतःकडे घेतलं. प्रायश्चित्तात निदान जिने चढणं तरी असावं. एकशे शेहेचाळीस नोटिसा मिळाल्या. एक कमी. पेडणेकरांच्या वडिलांची. राणे म्हणाले, "हीसुद्धा शकूनेच हरवली असणार."

क्षमा तळमजल्यावर गेली. पेडणेकरांनी दार उघडलं, तिला बसवलं, आणि काही न विचारता भिंतीकडे बोट दाखवलं. वडिलांच्या फोटोला चंदनाचा हार, आणि फोटोच्या चौकटीत खाली खोचलेली नोटीस: ‘सन्माननीय सभासद रामा यांस’.

"ही नाही मिळायची," पेडणेकर म्हणाले. "क्षमाताई, हे घर बाबांनी घेतलं. गिरणीत होते. सोसायटीचा पाया खणला त्या दिवसापासून रोज सुटी झाली की येऊन उभे राहायचे, वीट किती चढली बघायला. पण कागद करताना तेव्हाचे सेक्रेटरी म्हणाले, मुलाची सरकारी नोकरी आहे, त्याच्या नावाने करा. बाबा हो म्हणाले. मरेपर्यंत प्रत्येक सभेला जायचे, मागे उभे राहायचे. सभासद नव्हते ना. खुर्चीवर बसायचे नाहीत."

क्षमाने चौकटीतली नोटीस पुन्हा एकदा वाचली.

"लोक समजतात मी कायदा काढतो. कायदा कसला, ही नोटीस रद्द होऊ नये म्हणून अर्ज केला मी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या एकट्याच्या नावाने कागद आला, अं? ‘सन्माननीय’!" त्यांनी चष्मा काढून पुसला. "राणे शकूला काढणार म्हणे. मी सभेत विरोध करणार आहे. तिने चूक केली, पण काय सुंदर चूक केली हो!"

चुकीचा दोष दुसऱ्याच्या नावावर गेला होता, तो क्षमाने कसाबसा पचवला होता. आता चुकीचं कौतुकही दुसऱ्याच्याच नावावर जाताना ऐकून तिला एक क्षण, फक्त एक क्षण, हेवा वाटला. या क्षणाची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. ती ‘येते काका’ म्हणून उठली. नोटीस तिने मागितली नाही. पेडणेकरांनीही मग, नोटीस फाडायची नाही या अटीवर, अर्ज मागे घेतला.

सभा रविवारी सकाळी दहाला, गच्चीखालच्या हॉलमध्ये. क्षमा साडेनऊला पोचली. शकुताई एकट्याच खुर्च्या लावत होत्या. ऑफिसच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र त्यांनी आधीच उतरवून पिशवीत घातलं होतं. फ्रेमची कड पिशवीतून वर आलेली.

"शकुताई," क्षमा म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत? तुम्ही मला फोन केला होतात."

शकुताईंनी एक खुर्ची उघडली, तिचा पाय हलतो का पाहिला. "माका वाटला, तुमी सांगशात."

"मग आज सांगा ना."

"मी काय बोलूचंय नाय, मॅडम. माझ्या तोंडान सांगितलंय तर ता गाऱ्हाणा होतला. तुमच्या तोंडान झाला तर खरा होतला." मग पिशवीकडे बघत नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अध्यक्षांच्या खुर्चीवर उशी ठेवू ना? त्यांका कंबरेचा दुखणा हा."

सभा सुरू झाली. मागच्या सभेचं इतिवृत्त, लिफ्ट, पार्किंग, पुन्हा लिफ्ट. जानकीवहिनींनी विचारलं की कारखानीस अमेरिकेला गेल्यावर सहसचिव कोण, त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली. शेवटची खुर्ची पेडणेकरांनी रिकामी ठेवली होती, वर रुमाल टाकून, कुणी बसायला गेलं की म्हणत, "भरलेली आहे." अस्मिताने मागच्या रांगेतून जाहीर केलं की यज्ञेश जातीने उपस्थित राहिलेला नाही, तेव्हा त्याच्यावर कारवाई करावी.

मग सातवा विषय आला. राणेंनी चष्मा नाकावर घेतला, दिलगिरीपत्रक मोठ्याने वाचलं. ‘टंकलेखनातील निष्काळजीपणामुळे’ वर जरा थांबले. "एकोणीस वर्षं ठेवली बाईला. आता काळ बदलला. कुणाचा विरोध?"

पेडणेकर उठू लागले. त्यांच्या गुडघ्यांना उठायला वेळ लागतो. त्या वेळात क्षमाला दिसलं की ते शकुताईंची बाजू घेणार, मनापासून घेणार, आणि पहिलंच वाक्य म्हणणार, तिने चूक केली पण. म्हणजे ती चूक शकुताईंच्या नावावर कायमची इतिवृत्तात लिहिली जाणार. आणि इतिवृत्त लिहिणार कोण, तर सहसचिव. ती स्वतः, सुबक अक्षरात.

क्षमा उभी राहिली. हातातलं पेन खाली पडलं आणि घरंगळत राणेंच्या पायाशी गेलं.

"बोला, क्षमाताई," राणे म्हणाले. "थोडक्यात. आणि रेकॉर्डसाठी पूर्ण नाव."

"क्षमा नंदकिशोर कारखानीस," ती म्हणाली. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला. "त्या नोटिसा शकुताईंनी केल्या नाहीत. त्यांनी यादी अचूक दिली होती, फोन करून मला विचारलंही होतं, आणि मी न बघता ‘छापा’ म्हणाले. तुम्ही त्या दिवशी माझ्या घरी या एकाच नावाच्या तीन नोटिसा पाठवल्यात, राणेसाहेब. त्या तिघांपैकी चूक एकटीची आहे. पहिलीची."